आईच्या श्वासाची जागा

आज टपालाने पार्सल आले ते असे: सुक्या पीचच्या फोडी, अंदाजे पाव किलो, भक्तिगीतांची कॅसेट एक, किमतीची चिठ्ठी तशीच, अठरा रँड, तिकिटे तीन रँड साठ सेंट. पत्र नाही. पाठवणाऱ्याचे नाव नाही. शिक्का वेलिंग्टन गावचा. एवढी तिकिटे लावून जी चार ओळी लिहीत नाही, ती माझी धाकटी बहीण ड्रीकाच.

मी, हेंड्रीना स्वार्टबोई, वय सदुसष्ट, मॅट्रिक पास, कै. डिर्क यांची पत्नी, राहणार डोरिंगकाइल, चोवीस तारखेच्या शस्त्रक्रियेपूर्वी देवाला स्मरून, पूर्ण शुद्धीवर हे लिहिते. कुणाचा दबाव नाही. पाळकसाहेब या आठवड्यात दोनदा चहाला येऊन गेले, तो मी दबावात धरलेला नाही. १९८१ चे मृत्युपत्र, ज्यात ड्रीकाचे नाव नव्हते, ते रद्द समजावे.

१. घर व अंगणातली पाण्याची टाकी मुलगा आब्राम याला. सुनेने टाकीला झाकण लावत जावे.

२. बँकेतली शिल्लक, दफनाचा खर्च वजा जाता, चर्चच्या छपरासाठी. नव्या माइकसाठी नाही. गायनमंडळीचे प्रमुख लोस्पर यांनी पत्रे आणल्याची पावती आधी दाखवावी.

३. कॅसेटविषयी. दुसऱ्या बाजूचे तिसरे गाणे माझ्या आईचे आहे. मेंढ्या कातरणाऱ्यांच्या छावणीत भाकऱ्या भाजताना तिने ते जुळवले. कव्हरवर छापले आहे, 'पारंपरिक'. माझ्या आईला नाव होते, लेया. पाळकसाहेबांना दाखवले तर म्हणाले, "हेंड्रीनाबाई, गाणं शेवटी देवाचंच."

"मग कव्हरवर देवाचं तरी नाव घालायचं!"

शेजारीण साना हसली. "सोड गं आता. स्वर्गात काय कॅसेटची दुकानं आहेत?"

ड्रीकाने गाणे विकले, असेच मी येथे लिहिणार होते. मग कॅसेट तीनदा ऐकली. दुसऱ्या ओळीत, 'नदीपाशी' म्हटल्यावर कॅसेटवर गाणाऱ्या बायका थांबतात. आईला दमा होता. तेथे ती छातीवर हात ठेवून श्वास घ्यायची आणि सगळी मंडळी तिच्यासाठी थांबायची. ताल मोडतो म्हणून लोस्परांनी पुढे ते थांबणे बंद केले. आईच्या दफनाला पायपेटीवर मी होते. त्या जागी ड्रीका एकटी थांबली. मी वाजवत पुढे गेले. कबरीपाशी ती म्हणाली, "आज तरी तिला श्वास घेऊ द्यायचास, ताई." त्याला एकोणीस वर्षे झाली. ती परत आली नाही.

त्या बायकांना तेथे थांबायला तिच्याशिवाय कोण शिकवणार? ही क्षमा आहे की टोमणा, मला कळत नाही. ड्रीकाकडून दोन्ही एकाच पार्सलात येऊ शकते.

४. पायपेटी ड्रीकाला. डावे पेडल कुरकुरते. अट एकच: माझ्या दफनाला आईचे गाणे तिने सुरू करावे आणि त्या जागी थांबावे. लोस्परांनी कितीही हात हलवले तरी. चौथे कडवे कॅसेटवर नाही. शेवटच्या आजारपणात आईने ते मला एकटीला सांगितले. पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले आहे.

साक्षीदार: साना क्लास्ते, शेजारीण, इझाक मोसेस, टपालघर. दोघांना मी काहीही ठेवलेले नाही, म्हणूनच निवडले.

सही: हेंड्रीना स्वार्टबोई
डोरिंगकाइल, ९ ऑगस्ट १९९३

ता. क. ड्रीका, ही नक्कल तुला. शस्त्रक्रियेतून वाचले तर पेटी मीच वाजवीन, आणि थांबेन. तू गायला येतेस का, ते उलट टपाली कळव. तिकीट आत ठेवले आहे. या खेपेला चार ओळी लिही.