भारी डबा, साधा डबा

४ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा प्रथिनांच्या पावडरीचा भारी डबा पोचला. झाकणावरचा दंड फुगवलेला माणूस बघून आई म्हणाली, हा तर आपला थोरलाच! मी म्हटलं, याचं डोकं थेट खांद्यांवरच, दादाला निदान मान तरी आहे.

डबा डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, साध्यातलं प्रथिन काय आणि यातलं काय, अंगी लागायचं ते सारखंच. भारी जरा हलकं पचतं आणि चव बरी, इतकंच. मला साधाच पुरे. आता पाठवू नकोस.

दुकान चालू आहे. परवा एका मनगटी घड्याळाचा स्क्रू चिमट्यातून सारखा निसटत होता. गिऱ्हाईक समोरच, मग हसून वेळ मारून नेली.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरीणबाईंनी कधी वजन उचललंय का? मी रोज जिममध्ये पोरांची अंगं भरताना बघतो. हातापायांतली ताकद गेली म्हणतोस, तर साध्यावर भागवून कसं चालेल? दुसरा डबा धाडलाय, याहून भारी. नेमाने घे आणि दंडाचं माप कळव. स्क्रूचं मनाला लावून घेऊ नकोस, घामाने चिमटा निसटतोच.

यायचं फार मनात आहे, पण पोरांची स्पर्धा तोंडावर आली आहे.

आईला नमस्कार. राग आला तरी पत्र लिहीत जा.

दादा

२० एप्रिल

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

अक्षर आईचं आहे, शब्द माझे. पेन धरवत नाही.

दंड आणखी बारीक झालाय. तपासण्यांचे निकाल आले. तुझा जीव टांगणीला लागेल म्हणून कळवलं नव्हतं. हे दुखणं खाण्यापिण्याचं नाही, स्नायूच झिजवत नेणारं आहे. डबा साधा असो की भारी, त्याने ते थांबणार नाही. दुकानाला मी कुलूप लावलं.

काल न्हाणीघरात नेताना आईचा तोल गेला. दोघंही ओल्या फरशीवर बसून राहिलो. ती आधी हसली, मग रडली. हे वाक्य लिहायला ती तयारच नव्हती.

डबे नकोत दादा. तू ये.

तुझा धाकटा

२६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि तिथेच बाकावर बसलो. पोरं काय झालं म्हणून विचारत होती.

तू चिमट्याचं लिहिलंस तेव्हाच मला शंका आली होती रे. पण येऊन तुला बघायची छाती झाली नाही. भारी डबा धाडला की वाटायचं, काहीतरी करतोय.

जिमची नोकरी सोडली. पोरं दुसऱ्याच्या हवाली केली. सामान बांधून झालंय, रविवारी सकाळी घरी पोचतो. तोवर शेजाऱ्यांना हाक मारा, आईला एकटीला तुला उचलू देऊ नकोस.

मी आलो की दारापर्यंत यायची धडपड करू नकोस. पडून राहा. मी आत येतो.

तुझा दादा