पुलावरचं आडनाव

४ मार्च

तीर्थरूप दादास,
ठमीचा शि. सा. न.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. ज्ञानकोशाच्या कचेरीत बसून तू दुनियेची माहिती गोळा करतोस, घरची मात्र मीच कळवायची!

पुलाची डागडुजी संपली. पाटीवर आजवर नुसतं आपलं आडनाव होतं, आता पूल बांधणाऱ्याचं सबंध नाव लावणार म्हणे. आपला धाकटा बाळू तिथं बुडाला म्हणूनच पुलाला आपलं नाव दिलंय, असं आई इतकी वर्षं धरून बसलीय. रोज संध्याकाळी पाटीवरून हात फिरवते, बाळूशी बोलत उभी राहते. नवी पाटी वाचली तर ती खचेल रे. काहीही करून थांबव.

माया आहेच तुझी, जरा पत्रातही दिसू दे.

तुझी ठमी

११ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पाटी थांबवणं माझ्या हातात नाही गं. आमच्या कोशात आपल्या आडनावाखाली एक गायिका आहे, एक पैलवान, एक टेकडी, दोन स्टेशनं आणि हा पूल बांधणारा इंजिनिअर. नात्यातलं कुणीच नाही. मोठ्या माणसांत आपली वर्णी कुठली लागायला! इंजिनिअर बिचारा म्हातारपणी एकटाच गेला, पोरबाळ नव्हतं. बाळूचं नाव कुठंच नाही, हे मलाही टोचतं. आईला हे पत्रच वाचून दाखव.

एकमेकींना जपा, मलाही आठवणीत ठेवा.

तुझा दादा

२३ मार्च

तीर्थरूप दादास,
शि. सा. न.

पत्र वाचून दाखवलं. आता रडारड होणार म्हणून मी पाण्याचा पेला घेऊनच बसले होते. आईनं तो बाजूला सारला. मग म्हणाली, त्या इंजिनिअरांना पोर नव्हतं, आपल्या पोराला तिथं कुणी नव्हतं. बरं झालं, घरचंच आडनाव सोबतीला आहे. नवी पाटी तिनं स्वतः पुसली. तेव्हापासून ती पुलावर जात नाही. बाळू आता त्या आजोबांच्या नादी लागलाय, मला विचारत नाही, असं हसत सांगते आणि पोटभर जेवते. मला हायसं वाटलं.

पण काल आपलं दुकान बंद करून येताना पुलावर मी एकटीच होते. खालून, पाण्याकडून, एका म्हाताऱ्यानं हाक मारली. नावानं नाही, आडनावानं. लग्न केलं नाही, म्हणून ते अजून माझंही आहे, दादा.

मी ओ देऊन बसले.

लोभ पत्रातून नको, पत्र मिळताच निघून ये.

तुझी ठमी