ताईची विश्रांती

३ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क खिडकीजवळची खुर्ची! ऑफिस लहान, पण पंखा कुरकुरत नाही. मालकीणबाई गोड बोलतात. काम एकच: थकल्याभागल्यांना दक्षिण अमेरिकेतल्या एका आरोग्यधामात पाठवायचं. व्हिसा, लस, विमानं बदलत जायचं, पुढे डोंगरात जीप. तिथे नुसतं पडून राहायचं म्हणे. मी म्हटलं, त्यासाठी एवढ्या लांब कशाला, माझी गादी काय वाईट आहे? बाई पोट धरून हसल्या.

१० जून
ताईला पाठवायचं ठरलं. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना बाई फुकट पाठवतात. भाऊजी गेल्यापासून शिवणकाम, घर, छकुली, सगळं ती एकटीच ओढतेय. परवा जेवताना घास हातात धरूनच झोपली. आधी नाहीच म्हणाली, लेकीला कोण बघणार? म्हटलं, मावशी मेली आहे का? तिला नेऊन लसही मीच टोचून आणली. उंचावर थंडी असते म्हणून लोकरीचे मोजेही घेतले.

२८ जून
छकुली माझ्याकडे. ऑफिस, डबे, तिचा अभ्यास, तिचे रुसवे. कंबरेचा पार भुगा झालाय. ताईचा फोन आला. खूप शांत आहे गं इथे, म्हणाली. मागे कुणीतरी सारखं कण्हत होतं. विचारलं तर म्हणे, वारा आहे.

१२ जुलै
ताई आली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेलीत, चेहरा कसा तुकतुकीत. छकुली धावत जाऊन बिलगली आणि लगेच मागे सरली. मला म्हणाली, "मावशी, हिला आईचा वास येत नाही." मी तिलाच रागावले.

१५ जुलै
छकुली तापाने फणफणलीय. ताई उशाशी बसून हसतेय. जरा जवळ घे तिला, म्हटलं. तर म्हणाली, "कशाला? रडून दमली की गप्प होईल."
पोरीला उचललं आणि माझ्या घरी आणलं.

१६ जुलै
ऑफिसमधून आरोग्यधामाला फोन लावला. कुणीतरी उचलला. आधी नुसतं कण्हणं. मग —
"छकुली जेवली का गं?"
ताईचा आवाज. दमलेला, ओढलेला. माझ्या ताईचा.
फोन कट झाला. परत लागत नाही.

१७ जुलै
मालकीणबाईंना जाब विचारला. शांतपणे म्हणाल्या, दमलेलं माणूस कुठेतरी ठेवावंच लागतं ना? तूही किती दमलीस गं. तुझं तिकीट काढून ठेवलंय.
नाही म्हटलं. पण म्हणायला हवं होतं तेवढ्या जोरात नाही.

१८ जुलै
भर दुपार. दाराला कडी. छकुली मांडीवर — ताप उतरत नाही —
बाहेर ती. दार वाजवत नाही. नुसती बोलतेय. पोर माझ्याकडे दे, तू जरा पड — किती मऊ आवाज —
पाठ मोडलीय. डोळे मिटतायत. छकुली म्हणतेय, उघडू नको —
नाही उघडणार, राणी. नाही —
मी बसलेलीच आहे ना? मग कडीवर हा हात — माझाच —