फळ्यावरची उरलेली ओळ

चिमणे,

हे पत्र पेटीत टाकायचं धैर्य होईलसं वाटत नाही, तरी लिहितो. चर्चच्या दारातल्या फळ्यावर दर आठवड्याला बायबलमधलं वचन लिहायचं काम माझं. तू त्या लग्न झालेल्या माणसाकडे राहायला गेलीस, तेव्हा मी मुद्दाम लिहिलं की व्यभिचाऱ्यांना देवाच्या राज्यात वाटा नाही.

रविवारी तू आलीस, वाचलंस. "बाबा, अक्षर तुमचंच ना?" एवढंच म्हणालीस आणि दारातूनच परतलीस.

आपल्या चर्चच्या पाळकांनी विचारलं, "काका, पुढची ओळ कुठंय?" तुमच्यातलेही काहीजण तसेच होते, पण तुम्ही धुतले जाऊन स्वच्छ झालात, अशी त्या वचनातली ती ओळ. मी म्हणालो, जागा पुरली नाही. खोटं बोललो, बाळ. वीतभर फळा रिकामा होता. देव तुला धुईल यावर माझाच विश्वास बसत नव्हता. अविश्वासाबद्दलचे इशारे जन्मभर लिहिले, ते मला दुसऱ्यांसाठीच वाटले.

आता दर शनिवारी तीच उरलेली ओळ लिहितो. पाळक कुरकुरतात, "काका, वचन बदला की आता!" कसं बदलू? तू अजून वाचलेलं नाहीस.

दारातच थांबलेला,
तुझा बाबा