नानांनी चहा घेतला नाही

पिंप्राळा, जळगाव
५ जानेवारी १९९२

चि. भिकनास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पिंपळनेरच्या लोटननानांना तू पसंत आहेस. त्यांची सुनंदा तर तुझा फोटो पाहून लाजली म्हणे. घोडं अडलंय ते नोकरीवर. मेहसाण्याला तेलविहिरींवर तू घाण पाणी धुतोस, असं मी भोळेपणाने सांगून बसले. पोऱ्या गटारवर काम करस का, असं नानांनी तोंडावर विचारलं. आता ते स्वतःच बघायला निघालेत, तेव्हा नीट समजावून सांग. आणि दाढी कर.

आमची माया तुझ्यावर आहेच.
तुझी, अक्का

मेहसाणा
१९ जानेवारी

ती. सौ. अक्कास भिकनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

सगळं मुसळ केरात गेलं. नाना सकाळी आले, क्वार्टरवर तांब्याभर पाणी प्याले, मग मी त्यांना कामावर नेलं. इथलं तेल काकवीसारखं घट्ट. जमिनीत वाफ सोडली की पातळ होऊन वर येतं आणि सोबत पाणी आणतं. ते पाणी पूर्वी खड्ड्यात सोडायचे. आता आम्ही त्यातलं तेल काढतो, गाळतो, बॉयलरच्या नळ्या चोंदू नयेत म्हणून क्षार काढतो आणि त्याचीच पुन्हा वाफ करतो.

नानांचा जन्म पांझरेच्या पाटाचं पाणी पाळीपाळीने शेतांना देण्यात गेलेला. टाकीशी उकिडवे बसून त्यांनी विचारलं, तेच पाणी परत? मी हो म्हणालो, तर उठून चालूच लागले. परतल्यावर चहा केला, त्यांनी हात जोडले. पिण्याचं पाणी वेगळं, नळाचं, असं परोपरीने सांगितलं, तरी घोटभर घेतलं नाही. किळस आली असणार. अक्का, मुलगी मला फार आवडली होती गं.

लोभ कमी होऊ देऊ नये.
तुझा, भिकन

पिंप्राळा
२४ जानेवारी

चि. भिकनास आशीर्वाद. वि. वि.

शिकून शिकून वेडा झालास. मुलगी दिली त्या घरचं पाणी बाप पीत नाही. आपले आबा माझ्या सासरी येतात तेव्हा शेजारच्या सुंदरबाईकडे चहा घेतात, ते तुला कधी दिसलं नाही? सकाळी नानांचं ठरलं नव्हतं, म्हणून प्याले. टाकीशी बसले तिथे ठरलं.

तुझं रडगाणं पोचायच्या आधीच, पिंपळनेरला न उतरता, ते थेट इथे आले. वापरलेलं पाणीही जो फेकत नाही तो माझ्या पोरीला जपेल, म्हणाले. मला रडूच आलं. माझ्याकडे मात्र त्यांनी तीन कप चहा घेतला.

सुनंदाने निरोप पाठवलाय. तुमच्याकडच्या नळाच्या पाण्यात डाळ शिजते का, तेवढं तिला कळव.

मायेत आता एक वाटेकरीण आली, सांभाळून घे.
तुझी, अक्का