विहीर नातीला, उंबरही नातीला

मी, भीमाबाई सोनू तांबे, राहणार कोपरी, ठाणे पूर्व, वय आधारकार्डाप्रमाणे ब्याऐंशी, खरं कुणालाच ठाऊक नाही, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र सांगते आहे. डोकं ठिकाणावर आहे. कधीच नव्हतं असं सासूबाई म्हणायच्या, पण त्या आता साक्षीला येणार नाहीत. मला अक्षर येत नाही. मी सांगते, मुलगा धम्मपाल लिहितो.

१. राहतं घर धम्मपालला. पाटा-वरवंटा सून विनिताला. मिक्सर बिघडेपर्यंत ती मला नावं ठेवील, मग आठवण काढील.

२. घरामागची विहीर आणि उंबर, त्यांच्या जागेसह, धम्मपालची मुलगी संचिता हिला. धम्मपालला विहीर बुजवून तिथे गाडी लावायची आहे. "आई, शेवाळापायी गाडी रस्त्यावर ठेवू का?" हेही लिही म्हटलं, लिहिलं त्याने.

३. कारण असं. विहिरीच्या दगडावरचं ते हिरवं, चपटं, शेवाळ नव्हेच. यकृतका, असं संचिता कॉलेजात शिकून आली. वनस्पतीच, पण फूल नाही, बी नाही, खरं मूळही नाही. आणि उंबरावरचं मोठं वटवाघूळ पाखरू नव्हे, पिल्लाला अंगावर पाजणारं जनावर. मी जन्मभर दोघांना भलत्याच घरात घातलं. मी स्वतः यकृतकेच्या गोतातली: चपटी, बिनफुलाची, ओल मिळेल तिथे चिकटलेली.

वटवाघूळ कायद्यात आधी उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी होतं, आता संरक्षित आहे. सासरी माझंही तसंच झालं, फक्त सासूबाई जाईपर्यंत थांबावं लागलं. आपल्या यकृतकेचं नाव मात्र कुठल्याच यादीत नाही. "तिला कुणी मोजलंच नाही, आजी," संचिता म्हणते. म्हणून ते दगड हलवायचे नाहीत, आणि विनिताने ब्लीचिंग टाकून घासायचेही नाहीत.

४. इथवरचं शेजारच्या उत्तराबाईंकडून वाचून घेतलं. दुसऱ्या कलमात संचिताच्या वाट्याला उंबर होता, विहीर नव्हती.

"विसरलो," धम्मपाल म्हणाला.

"सरकार यकृतकेला विसरलं तसाच ना रे? उंबराला हात लावलास तर वटवाघळांसाठी फॉरेस्टवाले तरी येतील. विहिरीसाठी कोण येणार? मी तर गेलेली असेन."

मग त्याने 'विहीर' शब्द वर घातला, बाजूला सही केली, आणि कुठे घातला ते बोट ठेवून मला दाखवलं. त्याच्या सहीजवळ मी अंगठा टेकवला. एवढ्या आयुष्यात एक शब्द ओळखायला शिकले, तोही भांडून.

निशाणी, अंगठा: भीमाबाई सोनू तांबे
लिहिणार: धम्मपाल सोनू तांबे

आमच्यासमोर सांगितलं, वाचलं, अंगठा केला:
साक्षीदार: १. उत्तरा दामले २. विनीत रोकडे

कोपरी, ठाणे. १२ जून २०२५