पाच महिन्यांनी मोठा भाचा

भोकरदन,
ता. ९ मे २०२५

तीर्थस्वरूप तुळजाअक्का हिच्या पायांवर धाकट्या राधाकिसनाचं डोकं, टकलासकट.

तुझे गुडघे काय म्हणतात? दुपारची झोप लागते का? ब्याण्णवाव्या वर्षीही तू सुपारी स्वतः कातरतेस हे ऐकून माझ्या हलत्या दाढेला लाज वाटली. मी मजेत आहे. तुला आता अक्षर दिसत नाही, म्हणजे हे पत्र तुझा साहेबरावच ओट्यावर बसून वाचून दाखवणार, हे धरूनच लिहितो आहे. (साहेबा, कंस गाळायचे न्हाईत. मागच्या पत्रातले चार कंस तू गाळलेस, मला खबर लागली आहे.)

तर अक्का, पंच्याहत्तरीच्या पत्रिकेचा नमुना मिळाला. एक जूनला आष्टीत तुझा लेक आणि तुझा भाऊ एकाच मांडवात ओवाळले जाणार, याचा आनंद आहेच. तारीख दोघांचीही खोटी, ती गोष्ट वेगळी. आम्हाला दोघांना तू एकाच दिवशी शाळेत नेलंस. हेडमास्तरांनी डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरायला लावला, दोघांचेही हात पोचले, दोघांनाही एक जून पन्नास. (आपल्या गावातली अख्खी पिढी एक जूनला जन्मली. त्या दिवशी सुईणीचे काय हाल झाले असतील!) ते हेडमास्तर कविता काय शिकवायचे! छडी टेबलावर ठेवून डोळे मिटायचे आणि चालीत म्हणायचे, बाहेरच्या लिंबावरचे पोपटही गप्प बसायचे. मला ते सूर अजून ऐकू येतात. पण मी भरकटलो. पत्रिकेत वर मोठ्या अक्षरात 'साहेबराव', खाली 'राधाकिसन', आणि 'मामा' हा शब्द कुठंच नाही. मायलेकींचे दिवस एकाच वर्षी राहिले आणि तुझा लेक माझ्या पाच महिने आधी पोचला, यात माझा काय गुन्हा? पंच्याहत्तर वर्षांत या माणसानं मला एकदाही मामा म्हटलेलं नाही. "लहान्याला मामा कोन म्हनतं रे राध्या?" हे त्याचं कायमचं उत्तर. त्याच्या लग्नात मी मामा म्हणून पाठीशी उभा राहिलो, तर मंगलाष्टक चालू असताना म्हणाला, "राध्या, जरा सरक, गरम होऊन राह्यलं."

पण आता विज्ञान माझ्या बाजूनं आलं आहे. त्याचीच नात रेणू, संभाजीनगरला जीवशास्त्र शिकते ती, मागच्या आठवड्यात नळ्यांची पेटी घेऊन माझ्याकडे आली. (ही पोरगी मला 'मामाआजोबा' म्हणते. साहेबा, हा शब्द नीट वाच.) म्हणाली, थुंकी पायजे, तुमची घेते, आजोबांची घेतलीच आहे. मी हौसेनं थुंकलो तर नळी लालभडक. पान खाल्लेलं विसरलोच होतो. मग तिनं सात चुळा भरायला लावल्या, अर्धा तास उपाशी बसवलं, आणि तोंड असं कोरडं पडलं की थेंब निघेना. "मामाआजोबा, कैरी आठवा," म्हणाली. मी कैरी आठवायला गेलो आणि आठवली चौथीतली आंबराईवरची कविता. ती म्हणता म्हणता होती नव्हती ती ओल पण गेली. "कविता बंद करा बरं, जल्दी थुंका!" असं मला आजवर कोणी बोललं नव्हतं.

नळी भरल्यावर तिनं जे समजावलं ते ऐक. आपल्या अंगातल्या कणाकणात बारीक धागे असतात आणि त्यांच्या टोकांना असतात टेलोमिअर. म्हणजे आपले वडील घोंगडीच्या टोकाला दशा वळून बांधायचे ना, वीण उसवू नये म्हणून, तसं. जुना कण फुटून नवा झाला की त्या दशा थोड्या झिजतात. किती उरल्या ते थुंकीवरून मोजता येतं. जन्मताना त्या किती लांब मिळायच्या, हे बरंचसं मायबापावर. आणि अक्का, इथं मी खुर्चीवरून उठलोच. बाप जितका वयानं मोठा असताना लेकरू होईल, तितक्या त्याच्या दशा बहुतेक लांब! बाकी सगळं म्हातारं होतं, पण बापाच्या बीजातल्या दशा वयासोबत वाढतात. मी झालो तेव्हा वडील पंचेचाळीसचे. साहेबराव झाला तेव्हा आपले दाजी अवघे एकवीस. ज्या उशिरापायी गाव आपल्या मायला हसलं, त्यातच माझी दौलत होती! मी तिथल्या तिथं कविता केली:

उशिरा पिकल्या आंब्याला हो गोडी असते न्यारी,
उशिरा आल्या मामाची हो लांब दशांची दोरी.

("दशांची दोरी" जमलेलं नाही, पण साहेबरावानं हसू नये. त्याला चौथीत कवितेत भोपळा होता.)

एक गोष्ट मात्र रेणूला सांगता आली नाही. मायला दूध नव्हतं, तेव्हा तू एका मांडीवर लेक आणि एका मांडीवर भाऊ घेऊन दोघांना पाजलंस. मी विचारलं, त्यानं दशांना काही फरक पडतो का? म्हणाली, तसं काही सापडलेलं न्हाई. मी म्हटलं, मंग तुमचं विज्ञान अजून कच्चं हाय, पोरी. ती हसली, पण वहीत काहीतरी लिहून घेतलं.

तेव्हा अक्का, पत्रिका छापायच्या आधी साहेबरावाला समजाव. वर कोण, खाली कोण, हे आता शास्त्रानं ठरलं आहे.

तुझा लांब दशांचा भाऊ,
राधाकिसन

ता. क. १ : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात रेणूचा फोन आला. साहेबरावाच्या दशा माझ्यापेक्षा लांब निघाल्या. मी म्हटलं, बापाच्या वयाचं काय झालं? तर म्हणे, ती हजारो माणसांची सरासरी, एकट्यादुकट्याचा भरवसा न्हाई. शिवाय दशा मोजून कोण किती जगणार ते कळत न्हाई. घटकाभर तोंड उतरलं. मग वाटलं, बरंच झालं. त्याच्या आखूड निघाल्या असत्या तर मला जेवण गेलं नसतं. तो नसला तर मला राध्या कोण म्हणणार?

ता. क. २ : साहेबा, पुढची ओळ अक्काला ऐकू जाईल अशी, शाळेतल्यासारखी खड्या आवाजात वाच. अक्का, नीट कान दे.
"राधाकिसन मामा, चार दिवस आधीच या. तुमच्याबिगर करमत न्हाई."

ता. क. ३ : वाचलंस ना, साहेबा? अक्का, साक्षीदार तू. येतो चार दिवस आधी. आता पत्रिकेत माझं नाव मांडववाल्याच्या खाली टाकलं तरी चालेल.